पुढचा वाढदिवस कुणाचा

पुढच्या दाराची घंटा वाजली आणि स्वयंपाकघरातले पाचही जण एकमेकांकडे बघत राहिले.

नोबलांच्या घरी पुढच्या दाराने कुणी येत नाही. शेजारी, पाद्री, गुरांचा डॉक्टर, निवडणुकीतले उमेदवार, झाडून सगळे चिखलाचे बूट काढत मागच्या दाराने आत शिरतात. पुढची घंटा वाजवणारा एक तर परका असतो, नाहीतर वाईट बातमी घेऊन आलेला. हेस्टरला ती वाजल्याची शेवटची आठवण होती एक्क्याऐंशी सालची. त्या सकाळी तिच्या धाकट्या दिराला, आयव्हनला, गेटाशी दूध ठेवताना आयर्लंड एक करायला निघालेल्या बंदूकवाल्यांनी गोळ्या घातल्या होत्या.

"मी बघते," म्हणून नेओमी पळाली. हेस्टरची नात ती, डब्लिनला नोकरीला होती आणि केकच्या दिवसासाठी काल बसने आली होती.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार हा या घरात नाताळच्या केकचा दिवस. मनुका आदल्या रात्रीपासून काळ्या चहात भिजत घालायच्या, डब्याला आतून खाकी कागद लावायचा, आणि मिश्रण तयार झालं की घरातल्या प्रत्येकाने मनात एक इच्छा धरून लाकडी पळा फिरवायचा. अठ्ठावन्न वर्षं हे सगळं हेस्टर करत आली होती. पळा मात्र पहिल्यांदा घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातात द्यायचा. तिचा नवरा सॅम्युएल होता तोवर सॅम्युएल. तो गेल्याला पाच वर्षं झाली, तेव्हापासून त्याचा भाऊ नॉर्मन त्यासाठी सहा मैलांवरून गाडी हाकत यायचा. मनुका निवडायला काही तो आला नव्हता कधी.

नेओमीच्या मागोमाग पावसाळी कोट घातलेली चाळिशीची एक बाई आत आली. गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीसारखं यंत्र. "मी डिम्फना कॅसिडी," ती म्हणाली. "विद्यापीठातर्फे पाहणी चाललीय. उत्तर आयर्लंडने आहे तसं ब्रिटनमध्येच राहावं की दोन्ही आयर्लंड एक व्हावेत, याबद्दल लोकांना काय वाटतं ते विचारतोय आम्ही."

डिम्फना हे नाव ऐकताच बाईंचं चर्च कॅथलिक, आपलं प्रॉटेस्टंट नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना कळलं आणि कळलंय असं कुणीही चेहऱ्यावर दाखवलं नाही. या भागात ही विद्या पाळण्यातच शिकवतात.

"लिहून घ्या," नॉर्मन खुर्चीतूनच म्हणाला. "नको. आहे तसंच बरं आहे. झालं तुमचं काम. पाऊस वाढायच्या आत घरी जा."

"असं घराचं मत घेता येत नाही हो," डिम्फना शांतपणे म्हणाली. "एकाच माणसाचं घ्यायचं असतं."

"या घरात मत एकच आहे."

"असेल. पण ते कुणी सांगायचं हेही ठरलेलं आहे. या घरात राहणाऱ्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस आजपासून सगळ्यात आधी येतो, त्याच्याशीच मी बोलायचं. नाहीतर काय होतं, दर घरात ज्याचा आवाज मोठा तोच बोलतो."

नेओमीने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"मी सहा मैलांवर राहतो," नॉर्मन फुरंगटून म्हणाला, जणू तो डिम्फनाचाच गुन्हा होता.

"मग तुम्ही नाही. आणि ही मुलगी?"

"डब्लिन," नेओमी म्हणाली. "दुर्दैवाने."

राहिले तिघं. हेस्टरच्या मुलाची, म्हणजे वेस्लीची, बायको लॉर्ना म्हणाली, माझा जूनमध्ये. आईंचा दहा डिसेंबरला. यांचा एक डिसेंबरला.

"म्हणजे मी," वेस्ली म्हणाला आणि हात पुसायला फडकं शोधू लागला. सत्तावन्न वर्षांचा, रुंद खांद्यांचा, आईवर जीव असलेला मुलगा. हेस्टरला न विचारता तो तिच्यासाठी गोळ्या आणायचा, चष्म्याची वेळ घ्यायचा, चर्चच्या सभेत 'आमच्या आईचंही हेच म्हणणं आहे' असं सांगून यायचा. म्हणणं काय आहे ते तिला बरेचदा दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळायचं.

"वेस्ली, दणकून सांग," नॉर्मन म्हणाला. "आयव्हनची आठवण ठेवून सांग."

हेस्टर ओट्याशी उभी होती. आपल्याला संताप आलाय हे तिला जरा उशिराच उमगलं. उभा जन्म ती मतदानाला गेली ती सॅम्युएलच्या शेजारी गाडीत बसून. शाळेच्या वळणावर तो न चुकता उमेदवाराचं नाव सांगायचा, बाजारातून साबण कुठला आणायचा ते सांगावं तसं. एकदाच, अठ्ठ्याण्णव साली, शांतता कराराच्या वेळी, तो वळणावर 'नको' म्हणाला आणि तिने आत जाऊन 'हो'वर फुली मारली. परत येताना तिने खिडकीची काच खाली केली होती आणि वारा खाल्ला होता. हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. तिची सगळी मतं पेटीत पडलेली. तोंडातून एकही बाहेर आलेलं नव्हतं. आणि आज ती संधी उंबऱ्याच्या आत चालत आली होती, तर मध्ये नऊ दिवस आडवे येत होते. तेही खोटे नऊ दिवस.

वेस्लीने खुर्ची ओढली.

"थांब वेस्ली," हेस्टर म्हणाली. "माझा आधी येतो."

"आई, तुझा दहाला. माझा एकला."

"दहाला माझ्या दाखल्याचा येतो. मी वीस नोव्हेंबरची आहे."

नॉर्मन हसला. "वहिनी, ऐंशीला टेकल्यावर माणसाचं असं होतं. बसा जरा."

"भावजी, माझं डोकं तुमच्यापेक्षा ठिकाणावर आहे. बसा तुम्हीच. बसलेलेच आहात म्हणा." हेस्टरने एप्रनला हात पुसले. आता थांबलं तर पुन्हा जमणार नाही, हे तिला कळत होतं. "माझ्या आईने पहिलं बाळंतपण तिच्या आईकडे केलं. आणि तिची आई होती सरहद्दीच्या ओढ्यापलीकडे, मोनॅहनमध्ये."

"दक्षिणेत?" वेस्लीने विचारलं.

"दक्षिणेत. महायुद्धाचे दिवस होते. इकडे सगळं रेशनवर, तिकडे लोणी होतं, अंडी होती. बाळंतिणीने जाऊन खाल्लं तर चुकलं काय? पण माझे वडील लॉजचे चिटणीस, ब्रिटिश झेंडा घेऊन मिरवणूक काढणारे. त्यांची पहिली मुलगी पलीकडे जन्मली हे कागदावर कसं यायचं? तीन आठवड्यांनी आई मला बाबागाडीत घालून पूल ओलांडून आली, आणि वडिलांनी जाऊन नोंद केली. जन्म याच बाजूला, घरी, दहा डिसेंबर."

"बाबागाडीत," नेओमी डोळे विस्फारून म्हणाली.

"माझ्याखाली दोन शेर लोणी होतं. नाक्यावरच्या शिपायाने वाकून बघितलं, तर मी म्हणे भोकाड पसरलं आणि तो मागे सरला. म्हणजे मी या देशात आले तीच चोरट्या लोण्यावर बसून."

डिम्फनाला हसू आवरेना. तिने ते यंत्रामागे लपवलं.

"पुरावा?" नॉर्मनच्या मानेवरच्या शिरा ताठ झाल्या होत्या. "उचलली जीभ लावली टाळ्याला, असं नाही चालत. पुरावा काय?"

हेस्टर फळीकडे गेली. केकच्या पाककृतींचा पत्र्याचा डबा तिने खाली काढला. काही लपवायचं असेल तर या घरात याहून सुरक्षित जागा नव्हती. पुरुषाचा हात तिथे कधी पोचलाच नव्हता. आल्याच्या बिस्किटांच्या कृतीखालून तिने एक पिवळं कार्ड काढलं आणि वेस्लीसमोर ठेवलं. पलीकडच्या गावच्या चर्चचं बाप्तिस्म्याचं कार्ड. त्यावर शाईने तारीख होती, बावीस नोव्हेंबर.

"दोन दिवसांची होते. जगेन असं वाटत नव्हतं, म्हणून घाई केली."

नेओमीने खांद्यावरून वाकून वाचलं. "म्हणजे सरकारच्या मते आजीचा बाप्तिस्मा आधी झाला आणि मग ती जन्मली! घाईच होती की गं तुला."

वेस्ली हसला नाही. तो कार्डाकडे बघत होता. "बाबांना माहीत होतं?"

"लग्नाआधीच सांगितलं होतं. म्हणाला, आपल्या दोघांत राहू दे. राहू दिलं."

"चाळीस वर्षं," नॉर्मन म्हणाला, "चाळीस वर्षं लॉजचा चहा पलीकडच्या बाईने केला! आणि आम्ही प्यालो!"

"चांगला असायचा ना?" लॉर्ना एकदम म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या विरुद्ध, त्यातही नॉर्मनकाकांच्या विरुद्ध, लॉर्ना कधी ब्र काढत नसे. "आणि मला माहीत होतं. म्हणजे गोष्ट नाही, पण तारीख. दर वीस नोव्हेंबरला आई पहाटे एकट्याच बसून बन खातात, लोणी लावून. पहिल्या वर्षी दिसलं. दुसऱ्या वर्षापासून मी आदल्या दिवशी बन आणून ठेवते."

हेस्टर थक्क झाली. तीस वर्षं तो बन आपोआप डब्यात असतो असंच ती समजत होती. आपणही कधी विचारलं नाही, तिच्या मनात आलं, आणि तिला सुनेपुढे लाज वाटली.

"तूही त्यात!" नॉर्मन लॉर्नावर उलटला. "उद्या आयर्लंडचा हिरवा झेंडा लावशील छपरावर."

"काका, आता बोलायला लावू नका. तुमच्या कोटाच्या आतल्या खिशात लाल आयरिश पासपोर्ट आहे, त्यावर सोनेरी वीणा आहे. मागच्या नाताळात कोट मीच टांगला होता."

नॉर्मनने नकळत छातीवर हात ठेवला. "ते… स्पेनला जाताना विमानतळावर रांग लहान असते त्यांची."

"रांगेपुरतं आयर्लंड एक झालेलं चालतं तर," नेओमी म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या नॉर्मनने त्या शनिवारी पुन्हा 'पलीकडची' हा शब्द उच्चारला नाही.

डिम्फनाने घसा साफ केला. "आमच्या कागदावर 'वाढदिवस कधी असतो' एवढंच विचारलंय. दाखल्यावर काय लिहिलंय ते नाही. मिसेस नोबल, मला तुमच्याशी बोलायचंय."

तिने इतरांकडे पाहिलं. "आम्ही शक्यतो एकांतात बोलतो. तुमचं नाव कुठेही जात नाही."

सगळे उठायला लागले. "कुणी हलू नका," हेस्टर म्हणाली. "बसा आणि ऐका. फक्त तोंडं बंद, हात चालू." तिने लाकडी पळा उचलला, मिश्रणात घातला आणि स्वतः एक पूर्ण फेरा फिरवला. पहिला. मनात काय धरलं ते तिचं तिला ठाऊक. मग पळा तिने नॉर्मनच्या हातात दिला. "भावजी, आता तुम्ही. घट्ट आहे, तळापासून फिरवा. माझं बोलणं होईपर्यंत थांबायचं नाही."

आणि ती शेगडीजवळच्या सॅम्युएलच्या खुर्चीत जाऊन बसली. पाच वर्षांत त्या खुर्चीत मांजराशिवाय कुणी बसलं नव्हतं.

"उद्या मतदान झालं," डिम्फनाने वाचलं, "तर तुम्ही एकत्र आयर्लंडच्या बाजूने मत द्याल, की आहे तसं ब्रिटनमध्ये राहण्याच्या?"

नेओमीचा चेहरा उजळला होता. पलीकडे जन्मलेली आजी! डब्लिनमध्ये सांगायला याहून गोड गोष्ट कुठली? वेस्ली टेबलाची कड धरून बसला होता. आईचं उत्तर त्याला आधीच ऐकू आल्यासारखे त्याचे डोळे भरत चालले होते.

"आई," त्याला राहवलं नाही, "बोलण्याआधी एकदा आयव्हनकाकाला—"

"त्याचं रक्त मी धुतलंय वेस्ली. या हातांनी, गेटापाशी, तीन बादल्या पाण्याने. तू तेरा वर्षांचा होतास, तुला खिडकीतून बघू दिलं नव्हतं मी. मला त्याची आठवण करून द्यायची नाही."

वेस्ली खाली बघू लागला. हेस्टरचा आवाज मऊ झाला, पण ती थांबली नाही.

"बाई, लिहा. मी अजून ठरवलेलं नाही."

"म्हणजे 'सांगता येत नाही'?"

"छे! न सांगायला काय झालं? सांगतेच आहे. माझा खुबा इथल्या दवाखान्याने बदलला, एक पैसा न घेता. तिकडे ते कसं होईल मला कुणी सांगितलेलं नाही. माझा दीर या मातीत आहे आणि ज्यांनी त्याला मारलं ते ओढा ओलांडून पळाले. आणि त्याच ओढ्यापलीकडे माझी आजी आहे, मावशी आहे, माझ्या नावाचं पहिलं कार्ड तिथलं आहे. खालच्या कुरणात गाय आणायला गेलं की फोन म्हणतो, आयर्लंडमध्ये स्वागत आहे. वर आलं की म्हणतो, ब्रिटनमध्ये स्वागत आहे. गाय ढुंकून बघत नाही. दोन्हीकडचे लोक मला येऊन सांगतात, तुला असं वाटतं, तुला तसं वाटतं. नेओमी सांगते, वेस्ली सांगतो, सॅम्युएल तर वळणावर सांगायचा. विचारत कुणीच नाही. मग मी ठरवू कसं? ठरवायला आधी कुणाशी बोलावं लागतं."

नेओमीच्या चेहऱ्यावरचा उजेड विझला होता. ओशाळून ती आजीकडे बघत होती. एवढी वर्षं डब्लिनहून पाठवलेले लेख, दुवे, भाषणं तिला आठवत असावीत. एकाखालीही प्रश्न नव्हता.

"'अजून ठरवलेलं नाही' असा पर्याय आहे," डिम्फना म्हणाली. तिने तो जपून दाबला. "आता पुढचा प्रश्न. बहुमताने आयर्लंड एक झालं, तर तुम्हाला ते सहन होईल?"

"होईल. पहाटे पाचला उठेन, दूध काढेन."

"आणि नाहीच झालं तर?"

"तरी पाचलाच उठेन. तिकडच्या गायी काही सातपर्यंत झोपत नाहीत." नॉर्मनच्या तोंडून हसू निसटलं, पळा फिरवता फिरवताच. हेस्टर पुढे म्हणाली, "पण एक लिहा. कुणाला गेटाशी मारायचं नाही, आणि कुणाच्या मुलीचा जन्म लपवायला लागायचा नाही. एवढं जो देईल त्याच्याकडे मी कान देईन."

"असं लिहायला इथे जागा नाही," डिम्फना म्हणाली. मग तिने खिशातून पेन काढलं आणि स्वतःच्या तळहातावर काहीतरी लिहिलं. "शेवटचा प्रश्न. या विषयावर तुमच्या घरात किती वेळा चर्चा होते? नेहमी, कधी कधी, की कधीच नाही?"

"भाषणं नेहमी," हेस्टर म्हणाली. "चर्चा आजची पहिली."

डिम्फनाने कोटाची बटणं लावली आणि सवयीने पुढच्या दाराकडे वळली. "तिकडून नको," हेस्टर म्हणाली. "मागच्या दाराने जा. पायरी ओली आहे, जपून. पुढच्या वर्षी पुन्हा विचारायला येणार असाल, तर घंटा वाजवायची नाही. सरळ आत यायचं."

दार लागलं. मिश्रण एव्हाना इतकं कालवलं गेलं होतं की तसा केक त्या घरात पूर्वी झाला नव्हता. नॉर्मनने घाम पुसला आणि पळा मुकाट्याने लॉर्नाच्या हाती दिला. "वहिनी," तो जरा वेळाने म्हणाला, "अठ्ठावन्न वर्षं हे तुम्ही एकट्या फिरवत होतात? माझा खांदा गेला."

हेस्टरला वाटत होतं, आता दमल्यासारखं होईल. झालं नाही. उलट त्या दिवशी गाडीची काच खाली करून खाल्लेला वारा आत्ता या बंद स्वयंपाकघरात तिच्या तोंडावर येत होता. सॅम्युएलची खुर्ची तिला चांगली बसत होती. पाठीला उशी नसती तरी चाललं असतं.

वेस्लीने ते पिवळं कार्ड दोन्ही हातांत धरलं होतं. ते जपून टेबलावर ठेवून त्याने आपली खुर्ची ओढत ओढत आईच्या खुर्चीसमोर आणली आणि तो बसला. गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ.

"आई," तो म्हणाला, "मला पटेलच असं नाही. पण सांग. तुला काय वाटतं?"

लॉर्नाचा हात मिश्रणात थांबला. हेस्टरने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. तो खरंच उत्तराची वाट बघत होता.

"लांबलचक आहे," ती म्हणाली. "आधी चहा टाक."

वेस्ली उठला. शेगडीपाशी गेला, किटली ठेवली, फळ्यांवर नजर फिरवली. मग सत्तावन्न वर्षांचा तो माणूस त्याच्याच घराच्या स्वयंपाकघरात चोरासारखा उभा राहून म्हणाला, "चहाचा डबा कुठे असतो?"

तिघी बायका एकदमच हसल्या. इतक्या, की नॉर्मनलाही शेवटी हसावं लागलं.

"डाव्या हाताला, वरच्या फळीवर," हेस्टर म्हणाली. आणि ती बोलू लागली.